हें कोणाकडून आलें?

२०२२ सालीं लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २५ ऑक्टोबर रोजीं, मुंबईंतून खंडग्रास सूर्यग्रहण दिसलें. सायंकाळीं पावणेपांचच्या पुढें स्पर्श झाला आणि ग्रहण सुटण्यापूर्वींच सूर्य मावळला. पंचांगकर्ते याला ग्रस्तास्त म्हणतात. आम्ही राहतों त्या बोरीवलींत त्या सायंकाळीं दोन प्रकारचीं माणसें होतीं. इमारतींच्या गच्च्यांवर, गोराईच्या खाडीकडे तोंड करून, काळे चष्मे लावलेलीं मुलें आणि त्यांचे बाप उभे होते. आणि खालच्या मजल्यांवर, जेथें जेथें गरोदर सून किंवा माहेरीं आलेली लेक होती तेथें तेथें, तिला पडदे ओढून एका खोलींत बसविलें होतें. फराळाच्या डब्यांवर तुळशीचीं पानें होतींच. त्या खोलींतील बाईनें विळीला हात लावावयाचा नाहीं, सुईंत दोरा ओंवावयाचा नाहीं, कात्री तर दृष्टीसहि पडूं द्यावयाची नाहीं. हीं घरें अडाण्यांचीं नव्हेत. अशा बसलेल्यांपैकीं एक बँकेंत अधिकारी आहे, दुसरी महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविते. कारण विचाराल तर सर्वत्र एकच: ग्रहणांत पोटुशीनें कांहीं चिरलें, तर मुलाचा ओठ चिरलेला निघतो.

दोन तास स्वस्थ बसल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, आणि दिवाळीच्या धांदलींत गरोदर बाईस तेवढी विश्रांति मिळाली तर बरेंच, असें म्हणून आम्हीं हा विषय एरव्हीं सोडूनहि दिला असता. परंतु या समजुतीचें शेंपूट लांब आहे. मूल धड निपजलें तर कोणी ग्रहणाची आठवण काढीत नाहीं. दुभंगलेल्या ओठाचें मूल जन्मलें म्हणजे मात्र हाच नियम आईवरील आरोपपत्र होतो, आणि तिनें त्या दिवशीं काय काय केलें याची उलटतपासणी, ती अजून अंथरुणावर असतांनाच, सुरू होते. अशी एक उलटतपासणी आम्हीं २०२३ च्या मे महिन्यांत आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांत ऐकली.

तेथें मेच्या पहिल्या आठवड्यांत, पुऱ्या दिवसांनीं, मुलगी झाली. वजन चांगलें, रडणें खणखणीत, डोळे आजोबांचे. फक्त वरच्या ओठाची डावी बाजू नाकपुडीपर्यंत उघडी. टाळू शाबूत होती. बाराव्या दिवशीं व्हावयाचें बारसें लांबणीवर पडलें. मुलीची आत्या लग्नाची होती व तिचें एक स्थळ ठरण्याच्या बेतांत होतें. तेव्हां बाळाचें छायाचित्र घराबाहेर कोणाच्याहि फोनवर जातां कामा नये, असा हुकूम सुटला. हें सारें बाळंतिणीच्या देखत. आजीबाई, म्हणजे बाळाच्या वडिलांच्या मातोश्री, स्वभावानें दुष्ट मुळींच नव्हेत. नातीला मांडीवर घेऊन वाटीचमच्यानें दूध पाजण्यांत त्यांच्या रात्रीच्या रात्री जात. तरी एके दिवशीं त्या आम्हांस जिन्यांत गांठून म्हणाल्या, ‘भाऊसाहेब, दिवाळींतल्या ग्रहणांत हिनें करंज्यांचें कातण धुऊन ठेवलें. मी स्वतः पाहिलें.’

आम्हीं बोटांवर हिशेब केला. मुलगी मेच्या आरंभीं पुऱ्या दिवसांनीं झाली, तर गर्भ राहिला तो ऑगस्टच्या मध्यास. ग्रहणाच्या दिवशीं तो दहा आठवड्यांचा होता. आणि वरचा ओठ गर्भांत सातव्या आठवड्याच्या सुमारास पुरा होतो. म्हणजे राहु, केतु आणि करंज्यांचें कातण हीं सारीं येऊन पोंचलीं, तेव्हां त्या ओठाचा निकाल लागून तीन आठवडे लोटले होते. हा हिशेब आम्हीं आजीबाईंना समजावून सांगितला. त्यांनीं तो लक्षपूर्वक ऐकला, कबूलहि केला, आणि थोडा वेळ थांबून विचारलें, ‘मग ऑगस्टांत हिनें काय केलें होतें?’

या विषयाचें मर्म त्या प्रश्नांत आहे. ग्रहण हें निमित्तमात्र. माणसाला हवा असतो तो अपराधी. ग्रहण निरपराध ठरलें तर तो ऑगस्टांत शोधावयाचा, ऑगस्टांत न सांपडला तर सुनेच्या माहेरच्या कुळांत. ‘हें कोणाकडून आलें?’ हा प्रश्न दिसावयास शास्त्रीय आहे. आनुवंशिकता, जनुकें हे शब्द आतां शाळेंतील मुलांच्याहि तोंडीं असतात, आणि त्यांचा पहिला उपयोग, आमच्या पाहण्यांत तरी, जुनाच आरोप नव्या शब्दांत करण्याकडे झाला आहे.

त्याप्रमाणें या घरींहि कुळांचा शोध झाला. सासर मालवणकडचें, माहेर वाईचें. दोन्हीकडून ‘आमच्यांत असें कधींच नव्हतें’ अशी ग्वाही प्रथम आली. पुढें जुन्या छायाचित्रांची पेटी उघडली गेली, आणि सासरकडील एका चुलतआजोबांची झुपकेदार मिशी संशयास पात्र झाली. एका वृद्ध आत्याबाईंना मग आठवलें कीं, वडील वारले तेव्हांहि त्यांनीं ती मिशी उतरविली नव्हती आणि त्यावरून भावकींत केवढा गहजब झाला होता. कारण मिशीखालीं टांक्यांचा व्रण होता. माहेरकडे एका मावशींना आठवलें कीं, आपल्या आईचें एक मूल तिसऱ्या दिवशीं गेलें, ‘दूध ओढीना म्हणून.’ टाळू दुभंगलेली असली म्हणजे मुलाच्या तोंडांत ओढ निर्माण होत नाहीं आणि प्यालेलें दूध नाकावाटें परत येतें. वेगळ्या घडणीच्या बाटल्या आणि शस्त्रक्रिया जेव्हां घरोघर ठाऊक नव्हत्या, तेव्हां अशीं कित्येक मुलें उपाशीं जात. त्या मुलाचें तसेंच होतें कीं दुसरेंच कांहीं होतें, हें आतां कोण सांगणार? नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांचे पुरुष सांपडतात; तिसऱ्या दिवशीं गेलेलें मूल कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं. ‘आमच्या घराण्यांत कधीं नव्हतें’ याचा अर्थ बहुधा एवढाच कीं, आमच्या घराण्यानें तें लिहून ठेवलें नाहीं.

मुळांत ‘चिरलेला ओठ’ हा शब्दच खोटा आहे, आणि त्या शब्दानें विळीची कल्पना जन्मास घातली असावी असें आम्हांस वाटतें. चेहरा अखंड तयार होऊन मग त्यास कोणी कापीत नाहीं. तो तुकड्यांनीं तयार होतो. कपाळाच्या बाजूनें एक भाग खालीं उतरतो, दोन्ही गालांकडून दोन भाग मध्याकडे सरकतात, आणि नाकाखालीं ते एकमेकांस भेटून एकजीव होतात. वरच्या ओठावर नाकापासून उतरणारी जी पन्हळ आपण रोज आरशांत पाहतों, तिच्या दोन कडा म्हणजे त्या भेटीच्या खुणा होत. त्यामागून टाळूचे दोन पडदे, जे आधीं जिभेच्या दोहों बाजूंस उभे लोंबत असतात, ते आडवे होऊन मध्यें जुळतात. तें काम बाराव्या आठवड्यापर्यंत चालतें. यांतील एखादा सांधा जुळावयाचा राहिला म्हणजे ओठ किंवा टाळू दुभंगलेली राहते. तेथें सुरी चाललेली नसते. भेट चुकलेली असते. जगांत सुमारें सातशें जन्मांमागें एका मुलाची ती चुकते. ओठाची मुलग्यांत अधिक, नुसत्या टाळूची मुलींत अधिक, आणि एकाच बाजूचा ओठ असेल तर उजवीपेक्षां डावीकडे अधिक.

हा संबंध ग्रहणाशीं जोडणारे आपणच एकटे नव्हों. मेक्सिकोंतहि फाटक्या ओठाचा दोष ग्रहणाकडे जातो. मात्र तेथें गरोदर बाई रक्षणार्थ कमरेस किल्ली किंवा टांचणी बांधते. येथें ज्या लोखंडाचें भय, तेथें त्याचाच ताईत! आमच्या प्राचीन वैद्यांचीहि या बाबतींत दोन मतें दिसतात. सुश्रुतानें शारीरस्थानांत, डोहाळे न पुरविल्यास मूल कुबडें, लंगडें किंवा ठेंगणें होतें, असें सांगितलें. त्यांत निदान बोल लागतो तो डोहाळे न पुरविणाऱ्या घरच्यांस. चरकानें बीज, बीजाचा भाग आणि त्या भागाचाहि अवयव असा सूक्ष्म भेद केला, आणि ज्या अवयवाच्या बीजभागांत दोष, तो अवयव विकृत होतो, असें प्रतिपादिलें. घरोघर डोहाळे उरले; बीजभाग ग्रंथांत राहिला.

त्या बीजभागाचा पद्धतशीर शोध फार पुढें, डेन्मार्कांत झाला. पॉल फोग-आन्डरसन या शस्त्रवैद्यानें अशा मुलांचीं घराणीं धुंडाळून १९४२ सालीं आपला प्रबंध प्रसिद्ध केला. ओठ दुभंगणें (मग त्याबरोबर टाळू असो वा नसो) आणि नुसती टाळू दुभंगणें, या दोन निराळ्या गोष्टी असून त्या आपापल्या निराळ्या वाटांनीं घराण्यांत चालतात, हें त्यानें दाखविलें. त्यानंतर कॅनडांत मॉन्ट्रियल येथें क्लार्क फ्रेझर व त्याचे सहकारी यांनीं १९५० च्या पुढील दशकांत उंदरांवर जे प्रयोग केले, ते आम्हांस या सबंध प्रकरणांत सर्वांत बोधप्रद वाटतात. गाभण उंदरिणींना कॉर्टिझोन हें औषध दिलें असतां एका वाणाच्या जवळजवळ सर्व पिलांची टाळू दुभंगली. दुसऱ्या वाणांत ती पुष्कळच थोड्यांची दुभंगली. औषध तेंच, फळ निराळें. बारकाईनें पाहतां असें दिसलें कीं, पहिल्या वाणांत टाळूचे पडदे निसर्गतःच थोडे उशिरां आडवे होतात.

बोरीवलीच्या वाचकांस हें समजावयास उंदरांची गरज नाहीं. सकाळीं चर्चगेटची जलद गाडी पकडणारे दोघे गृहस्थ घ्या. एक गाडीच्या पांच मिनिटें आधीं फलाटावर असतो. वाटेंत त्याच्या चपलेचा अंगठा तुटला तरी त्याची गाडी चुकत नाहीं. दुसरा रोज अगदीं शेवटच्या क्षणीं जिना उतरतो; तोहि रोज पोंचतो, पण एके दिवशीं अंगठा तुटतो आणि दरवाजा डोळ्यांसमोरून निघून जातो. आतां त्याची गाडी कोणामुळें चुकली? चपलेमुळें म्हणावें, तर तीच चप्पल पहिल्याची तुटली असतां कांहीं झालें नाहीं. उशिराच्या संवयीमुळें म्हणावें, तर ती कालहि होती. गर्भांतील भेटीचेंहि असेंच आहे. अनेक जनुकें, प्रत्येक जरा जरा, त्या भागांस थोडे पुढें किंवा थोडे मागें ठेवतात. हीं जनुकें आईकडूनहि येतात आणि बापाकडूनहि. ज्यांच्यापाशीं तीं असतात त्यांचे ओठ अगदीं धड असूं शकतात. आईची मिनिटें वेगळीं आणि बापाचीं वेगळीं मोजतां येत नाहींत. बेरीज एका ठराविक रेषेपलीकडे गेली कीं गाडी चुकते, एवढेंच. एकाच बीजाच्या जुळ्यांतसुद्धां एकास हा दोष असतां दुसऱ्यास तो निम्म्यांच्या आसपासच आढळतो.

याला अपवाद आहे, आणि तो प्रत्येक कुटुंबानें माहीत करून घ्यावा असा आहे. कांहीं घराण्यांत एकच जनुक एवढें प्रबळ असतें कीं, तें ज्याच्याकडे असेल त्याच्या प्रत्येक मुलाकडे जाण्याचा संभव निम्मा. अशा प्रकारांपैकीं व्हान डर वूड या नांवाचा प्रकार अधिक आढळतो. त्याची खूण वरच्या ओठावर नसून खालच्या ओठावर असते: मध्याच्या दोहों बाजूंस बारीक खळगे. आजोबांचे दोन खळगे, बापाचेहि खळगेच, आणि नातवाचा ओठ व टाळू दोन्ही दुभंगलेलीं, असें घडूं शकतें. म्हणून अशा मुलाच्या आईबापांचे व आजीआजोबांचे खालचे ओठ वैद्यानें एकवार पाहावेत. याला कारण होणारें जनुक, आयआरएफ-६, २००२ सालीं सांपडलें. तें सांपडण्याची हकीकत आमच्या मथळ्यांतील प्रश्नाचें उत्तरच म्हणावी लागेल. एकाच बीजाचीं दोन जुळीं मुलें होतीं. एकास हा विकार होता, दुसऱ्यास नव्हता, आईबापांसहि नव्हता. तेव्हां दोघांच्या जनुकांची अक्षरन् अक्षर तुलना करण्यांत आली, आणि विकार असलेल्या मुलाच्या त्या जनुकांत असा एक बदल मिळाला कीं जो त्याच्या भावंडांतहि नव्हता आणि आईबापांतहि नव्हता. तो कोणाकडूनच आलेला नव्हता.

आतां आंकडे. आईबापांचे ओठ धड असून एक मूल असें झालें, तर पुढच्या मुलास तसें होण्याचा संभव शंभरांत चारांच्या आसपास धरतात. दोन मुलें तशीं झालीं तर दहांच्या घरांत. मुलाच्या आत्याला किंवा मावशीला, ती स्वतः धड असतां, तसें मूल होण्याचा संभव शंभरांत एकाहूनहि कमी. म्हणजे ज्या आत्याबाईंच्या लग्नासाठीं बाळाचें छायाचित्र दडविलें गेलें, त्यांच्याविषयींची धास्ती एवढी! मामेबहिणीशीं लग्न करण्याची जी चाल आपल्याकडे अनेक जातींत मान्य आहे, व जिचें विवेचन इरावती कर्वे यांनीं १९५३ सालच्या आपल्या आप्तसंबंधांवरील ग्रंथांत केलें, तिच्याकडे मात्र या दृष्टीनें पाहावयास हवें. रक्ताच्या नात्यांतील लग्नाच्या संततींत हा दोष कांहींसा अधिक आढळल्याचे अभ्यास आहेत. पण पत्रिकेंतील एकनाडीवरून स्थळ नाकारणारे लोक मामाची मुलगी बिनदिक्कत करतात, आणि भाचीचा ओठ पाहून आत्याचें लग्न अडवितात.

आणि चपलेचा अंगठा कोणता? धूम्रपान हा एक, हें पुष्कळ अभ्यासांतून पुढें आलें आहे. आई स्वतः ओढीत नसली तरी तिच्या भोंवतींच्या धुराचाहि संबंध आढळला आहे. आमच्या शेजारीं कातणाची चौकशी तीन वेळां झाली. बाळाच्या वडिलांच्या सिगारेटीची एकदांहि झाली नाहीं. त्याखेरीज मद्य, आईचा आधींपासून असलेला व आटोक्यांत न ठेवलेला मधुमेह, मुरुमांवर पोटांतून घेण्याचें आयसोट्रेटिनॉइन, आणि अपस्मारावरील कांहीं औषधें. या शेवटच्या बाबतींत एक इशारा दिला पाहिजे: फेपऱ्याचें औषध आपल्या मनानें बंद करणें आईच्या जिवावर बेतूं शकतें, मूल होऊं देण्याचा विचार करण्यापूर्वींच वैद्याला विचारून तें बदलून घ्यावें. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या गर्भ राहण्याच्या आधींपासून घेतल्यास पाठीच्या कण्याचे दोष टळतात हें १९९१ मध्यें निर्विवाद सिद्ध झालें. ओठाबाबत पुरावा तेवढा भक्कम नाहीं, तरी गोळी घ्यावी हें खरेंच. अडचण अशी कीं, आपलें सारें जपणें उशिरां सुरू होतें. डोहाळजेवण सातव्या महिन्यांत. ओठ पुरा होतो दुसऱ्या महिन्यांत, जेव्हां पुष्कळशा बायकांना दिवस गेल्याची जेमतेम खात्री झालेली असते.

पांचव्या महिन्यांतील सोनोग्राफींत दुभंगलेला ओठ बहुधा दिसतो. नुसती टाळू मात्र क्वचितच दिसते. तो दिसल्यावर कांहीं घरांत पहिला विचार निघतो तो गर्भ पाडण्याचा. हृदय किंवा मेंदू यांचेहि दोष बरोबर आहेत कीं काय हें तपासून घ्यावें, तें योग्यच. पण नुसत्या ओठासाठीं असा विचार मनांत आणण्यापूर्वीं शस्त्रक्रिया झालेलें एखादें मूल त्या आईबापांनीं पाहावें, असें आम्ही आग्रहानें म्हणतों. कान व नाक यांबरोबर ओठ सांधण्याचा विधि सुश्रुतानेंहि सूत्रस्थानांत सांगून ठेवला आहे. आजचे शस्त्रवैद्य ओठासाठीं दहाचा एक सोपा नियम सांगत आले आहेत: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड, रक्तांत हिमोग्लोबिन दहा ग्रॅम. टाळू साधारण वर्षाच्या आगेमागें शिवतात, म्हणजे बोलणें गेंगाणें होत नाहीं. पुढें दांत, कान व उच्चार यांकडे कांहीं वर्षें लक्ष द्यावें लागतें. पैशाची सबबहि पूर्वीइतकी उरलेली नाहीं. ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, तो आमच्याच पश्चिम रेल्वेवर, बोरीवलीच्या उत्तरेस, पालघर येथें. मुलांच्या ज्या जन्मजात दोषांचा त्यांत शोध घेतला जातो, त्यांत दुभंगलेला ओठ व टाळू आहेत.

शेजारच्या मुलीचा ओठ चौथ्या महिन्यांत शिवला गेला. त्यापूर्वींच, सहाव्या आठवड्यांत, तिच्या आईनें बारसें केलें व छायाचित्रें आपल्या हातानें सगळ्या नातेवाइकांना धाडलीं. आत्याबाईंचें स्थळ मोडलें, परंतु तें पगारावरून. आज ओठावर एक बारीक रेघ आहे, आणि ती हंसली म्हणजे जरा वर ओढली जाते.

जनुकांच्या तज्ज्ञ बाईंकडे त्या नवराबायको गेलीं तेव्हां आजीबाईहि बरोबर होत्या. सर्वांचे खालचे ओठ पाहण्यांत आले. खळगे कोणालाच नव्हते. दुसऱ्या मुलाविषयीं शंभरांत चार हा आंकडा ऐकल्यावर आजीबाई म्हणाल्या, ‘म्हणजे शहाण्णव चांगलीं कीं हो.’ बाळाच्या आईनें विचारलें तें पुढचें: ‘आणि हिच्या मुलांना?’ तोहि आंकडा साधारण तेवढाच निघाला. तिनें तो तज्ज्ञ बाईंकडून कागदावर लिहून घेतला, शस्त्रक्रियेच्या तारखेसह, आणि कागद मुलीच्या पत्रिकेबरोबर एकाच पाकिटांत ठेवला आहे. आजीबाईंनीं त्यास हरकत घेतली नाहीं. पत्रिकेंत ग्रहणाचा कांहीं उल्लेख आहे कीं काय, एवढें मात्र त्यांनीं चष्मा लावून पाहून घेतलें.